नीलिमाचा आखूड पट्टा

प्रिय नीलिमा,

काल तुझ्या लॅबच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली आणि तिथे तुझ्या सासूने भर सभेत तमाशा केला. वरती तुला कुणी तिखटमीठ लावून सांगायच्या आधी मीच सांगते.

तेराव्यापर्यंत घरात नुसती माणसं होती गं. तुझ्याशी बोलायला सवड कुठे मिळाली?

आठवतं, दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडून आपण फरीदाबादच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो ते? समोर मोहरीची शेतं, मागे अर्धवट इमारती आणि घरोघरी नवं नवं केबल. शेजारणी विचारायच्या, “बहू क्या करती है?” मी सांगायची, “काटने और जोड़ने का काम.” त्यांना वाटायचं, तू एक्सपोर्टचे कपडे शिवतेस!

माझा तरी काय दोष? गवार मोडता मोडता तूच तसं शिकवलंस. डीएनएवरून आरएनएची कच्ची नक्कल उतरते. ती तशीच पेशीच्या केंद्रकाबाहेर जात नाही. पुढच्या टोकाला टोपी, मागच्या टोकाला लांब शेपटी, म्हणजे वाटेत कुणी कुरतडायला नको. मधले नको ते तुकडे कापायचे, कामाचे एकमेकांना जोडायचे. मगच तो निरोप प्रथिनं बनवायला बाहेर पडतो.

“मग नको ते आधी लिहायचंच कशाला?” मी विचारलं. केवढी खूश झालीस! “आई, यार, हाच तर प्रश्न आहे!” सासूला यार म्हणणारी सून मी दुसरी पाहिली नाही.

आणि तुझं ते सोवळं! मी प्रसादाचा शिरा घेऊन लॅबमध्ये आले, डबा तुझ्या टेबलावर टेकवणार तोच तू ओरडलीस, “आई, हात मागे!” जन्मभर मी हेच इतरांना सांगत आले, आणि आता मलाच? माणसाच्या बोटांवरचं काहीतरी आरएनएचा फडशा पाडतं म्हणे. म्हणून हातमोजे, भट्टीत भाजलेली भांडी, वेगळं पाणी. माझं सोवळं तुझ्यापुढे पाणी भरेल, बाई.

म्हणूनच तुझ्या पीएचडीच्या सरांचा मला इतका राग आला होता. एकाच जनुकाचे निरोप तू लांबीप्रमाणे वेगळे करून फिल्मवर उमटवले होतेस. यकृताच्या आरएनएचा एकच लांब पट्टा उमटला, मेंदूच्या आरएनएचा मात्र त्याखाली एक आखूड पट्टाही. सर म्हणाले, तो कचरा आहे, तुझं आरएनए तुटलंय. तो पट्टा काढून टाक, नाहीतर प्रबंधावर सही नाही. इतक्या वर्षांची मेहनत, आणि अडलं कुठे तर एका सहीवर!

तू रडली नाहीस. “तुटलं असतं तर सगळं पसरलं असतं आई, अशी स्वच्छ रेघ आलीच नसती,” एवढंच म्हणालीस. मग फक्त मधल्या एका तुकड्यालाच चिकटेल अशी खूण तयार करून लावलीस. लांब पट्टा काळाभोर उमटला. आखूड पट्ट्याची जागा कोरी! टोकांच्या खुणा मात्र त्यालाही चिकटल्या. म्हणजे दोन्ही टोकं शाबूत, फक्त मधला तुकडा गायब. मेंदूने तो मुद्दाम गाळून बाकीचे जोडले होते. एकाच जनुकाचे दोन निरोप, दोन प्रथिनं. सही मिळाली. काय गं अभिमान वाटला तुझा!

इतकी जपणूक करणारी तू, स्वतःचा ताप मात्र अंगावर काढलास. का गं? डॉक्टरकडे एक दिवस आधी गेली असतीस तर लॅब पळून जाणार होती का?

तर काल सर माइकवर म्हणाले, “हमें शुरू से यक़ीन था कि वो छोटा बैंड असली है.” मी उठलेच. “हमें नहीं, साहब. बहू को. आपने तो कचरा कहा था.” तुझी लेक माझा पदर ओढतेय, “आजी, बस ना!” सरांनी चष्मा काढला. म्हणाले, “माताजी सही कह रही हैं. मैं नहीं माना था.” मग ते खालीच बसले. माझा राग गेला, पण तुझी इतकी आठवण आली की मीही खाली बसले.

तुला शब्द देते. तुझ्या कामाला जिथे कुणी ‘आमचं’ म्हणेल, तिथे मी उठणार. गुडघे कुरकुरले तरी उठणार.

नीलिमाची सासू