कुम असताना वकील कशाला?

६ मे
मिटलं एकदाचं! कोर्ट नाही, कचेरी नाही — विदोये कुमाच्या जेवणाच्या टेबलावर मिटलं. आज त्याच्या घराण्याच्या संताचा सण. मेणबत्ती लावली, सणाचा पाव कापला, आणि माझा नि सिनिशाचा घटस्फोट कसा व्हायचा ते कुमाने ठरवून टाकलं. 'नेवेना आईकडे राहील. सुट्टीत बापाकडे. हा माझा शब्द!' सिनिशा कोबीच्या पानातला सार्मा खात होता. मान हलवली त्याने.

बास. आमच्या लग्नात साक्षीला हाच कुम उभा होता, नेवेनाचा धर्मपिता म्हणून तिचं नावही त्यानेच ठेवलं; म्हणून तर तो आमचा कुम. वर देव, खाली कुम. त्याच्यापुढे कोर्ट कोण लागून गेलं?

७ मे
वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई, बोसिल्काबाई — जिन्यात गाठलंच त्यांनी. 'पोर तुझ्याकडे राहणार हे आधी कोर्टाकडून लिहून घे.' म्हटलं, कुमाने शब्द दिलाय. 'कुमाचा शब्द आपल्या नेगोतिन गावाच्या वेशीपर्यंत चालतो गं. सिनिशाचं बिऱ्हाड व्हिएन्नात आहे.'
अशिलं मिळत नसतील बाईला, दुसरं काय!

२० जून
सिनिशा आला नेवेनाला न्यायला. पोरीला सीमेपार न्यायचं तर आईची संमती लागते. नोटरीकडे कुमही आला — या उकाड्यात कोट घालून! बोसिल्काबाईंनी दहादा बजावलं होतं: परतीची तारीख घातल्याशिवाय सही करू नकोस, आधी मला दाखव. कुमासमोर तारीख मागू? म्हणजे त्याच्या तोंडावर सांगायचं की तुझा भरवसा नाही! त्यापेक्षा त्याच्या थोबाडीत मारलेली परवडली. केली सही. कुमाने कॉफी पाजली.

नेवेना गाडीतून हात हलवत गेली. गाडी वळेपर्यंत मीही हात हलवला. असू दे, सुट्टीच तर आहे.

३ जुलै
नणंद म्हणाली, 'वकिलावाचून निभावलंस, शहाणी आहेस.' आहेच मुळी!

२५ ऑगस्ट
नेवेनाच्या खोलीला पिवळा रंग दिला. स्वतःच्या हाताने! नखं अजून पिवळी आहेत. बोसिल्काबाई डोकावल्या. 'कधी येतेय?' — रविवारी. 'कोण म्हणालं?' — कुम! आल्या पावली जिना चढून गेल्या. बरी जिरली.

३१ ऑगस्ट
रविवार. आली नाही. कुमाला फोन केला. म्हणतो, गाडी बिघडलीय, चार दिवस इकडेतिकडे व्हायचेच, तू लगेच रडकुंडीला येऊ नकोस. मी कुठे रडतेय? उद्या शाळा उघडते, पहिले चार दिवस बुडाले तर आभाळ कोसळत नाही. मिरच्या भाजून ठेवल्या. तिला आवडतात.

२ सप्टेंबर
बोसिल्काबाईंच्या दाराशी, जिन्यात बसून लिहितेय. त्या कोर्टातून यायच्यात.
नेवेनाचा फोन आला होता. 'आई, माझी इथली शाळा सुरू झाली! खिडकीजवळचा बाक मिळाला. मी म्हटलं, आईला विचारलं का? तर बाबा म्हणाले, आईनंच सही दिलीय.'