दोन खाऊन चार

नेरूळ,
२० नोव्हेंबर १९९७

प्रिय रोहिदास,

नेरूळहून तुमच्या दिवाळे गावाला बसने वीस मिनिटं लागतात, तरी हा दिन्या पत्र लिहीत बसलाय म्हणून तू हसशील. मागच्या आठवड्यात दोनदा आलो होतो. एकदा तुमच्या जेट्टीवरूनच मागे फिरलो आणि एकदा तुझ्यासमोर चहा पिऊन, क्रिकेटवर बोलून परत आलो. बोलायचं होतं ते राहूनच गेलं. आता अक्षरं तुझ्या डोळ्यांपुढे हलतात, म्हणजे हे मैनावहिनीच वाचून दाखवतील. तुझ्याशी अबोला असला तरी एवढं त्या करतील. सोमवारी तुझ्या ऑफिसात चौकशी आहे. ड्यूटीवर दारू पिऊन येतोस असा ठपका आहे, आणि तो शाबीत झाला तर नोकरी जाणार. म्हणून पोस्टावर भरवसा न ठेवता हातोहात पाठवतोय.

कळंबोलीच्या लोखंडबाजारातली आपली बॉक्सिंगची पत्र्याची शेड आठवते का रे? बाहेर ट्रकमधून सळया उतरायच्या तेव्हा आप्पांची शिटीसुद्धा ऐकू यायची नाही. रिंगचे दोर म्हणजे ट्रकवाल्यांनी टाकून दिलेले दोरखंड, त्यांना आप्पांनी जुन्या साड्या गुंडाळलेल्या. आप्पा आपले कोच, मिलिटरीतून रिटायर झालेले, आणि त्यांचा लाडका मी. फ्लॅटमधला, नीटनेटका, काउंटर मारणारा. समोरच्याने हात टाकावा, तो चुकावा, मग आपण एकच साफ ठोसा द्यावा आणि बाजूला व्हावं, ही माझी रीत. तू माझं नाव बगळा ठेवलं होतंस.

नव्वद सालच्या ट्रायलला आप्पांनी आपल्याला समोरासमोर उभं केलं. मला वाटलं, जाळं ओढून खांदे कमावलेत, पण बॉक्सिंगची अक्कल कुठाय याला? तू तीन राउंड मला श्वास घेऊ दिला नाहीस. माझे ठोसे तुझ्यापेक्षा साफ बसले, हे मी आजही भांडून सांगेन. पण काउंटर मारणाऱ्याला क्षणभर बघावं लागतं, आणि तू तो क्षणच ठेवत नव्हतास. एका ठोशाला उत्तर शोधेपर्यंत तुझे आणखी तीन आलेले असायचे. निम्मे माझ्या दंडांवरच पडले, पण त्यांनीच हात जड झाले, आणि पाठ दोराला लागली ती लागलीच. परीक्षकांना पुढे येणारा दिसतो. मागे सरणाऱ्याची हुशारी कोण बघतं? तुझा हात वर झाला आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, "बगला उबाच र्‍हायला, म्हावरा जाल्यान गेला." मासा तुझ्या जाळ्यात आणि मी नुसता उभा बगळा! असा राग आला होता तुझा! तरी महिन्याभरात मी स्वतः खेळणं सोडलं आणि तुझ्या कोपऱ्यात येऊन उभा राहिलो. जिंकायचं तर असंच, हे मला पटलं होतं.

'दोन खाऊन चार द्यायचे' हे वाक्य माझं. लोक ते तुझं समजतात. आत शिरायचं तर वाटेत दोन खावेच लागतात, ते मोजायचे नाहीत, असं मीच तुला पढवलं. तुझा वेग पडू नये म्हणून मी डाव्या खिशात चिंचोके ठेवायचो आणि तू दहा ठोसे टाकलेस की एक उजव्या खिशात सारायचो. राउंड संपला की सांगायचो, सहा झाले, आठ हवेत. तू मान हलवायचास आणि आठ करून दाखवायचास. चाळीसेक लढती झाल्या आपल्या. खाल्लेल्या ठोशांसाठी मी एकदाही खिशात हात घातला नाही.

आता तुझ्या हातातला कप बशीवर वाजतो. जीभ जड झालीय, सरळ चालताना तू भिंत धरतोस. गावाने एकच अर्थ काढला. वहिनींनी पिठाच्या डब्यापासून होडीच्या फळीखालपर्यंत बाटली शोधली. शेवटी त्यांनी तुला एकवीरा आईच्या फोटोवर हात ठेवायला लावला, आणि तू शपथ घेतलीस की थेंबाला शिवलो नाही. दुसऱ्याच दिवशी तू उंबऱ्यात झोकांडी खाल्लीस. तेव्हापासून त्या बोलत नाहीत. दारूचं त्यांनी पोटात घातलं असतं रे, आईची खोटी शपथ कशी घालणार?

रोहिदास, ब्याण्णवची फायनल. त्याच लढतीवर तुला खेळाडू म्हणून ही नोकरी मिळाली. ठाण्याचा तो गोरा पोरगा माझ्यासारखाच होता, थांबून मारणारा, फक्त माझ्याहून दसपट चांगला. दुसऱ्या राउंडला तू आत शिरताना त्याचा उजवा तुझ्या कानामागे बसला. तू पडला नाहीस. घंटा झाल्यावर मात्र तू त्याच्या कोपऱ्याकडे चालत गेलास, मी हाक मारून तुला वळवलं. लोक हसले, मीही हसलो. स्टुलावर बसून तू माझ्याकडे बघितलंस आणि अगदी शांतपणे, जणू होडीत बसलायस तसं, विचारलंस, "दिन्या, भरती कवा लागनार हाय?" टॉवेल माझ्या खांद्यावरच होता. तो आत फेकला असता की लढत संपली असती. मी तुझ्या तोंडात माउथपीस कोंबला आणि म्हणालो, "लागली. जा." तिसऱ्या राउंडला नऊ चिंचोके झाले. तीन विरुद्ध दोन परीक्षकांनी तू जिंकलास. लोकांनी तुला खांद्यावर घेतलं, आणि त्यातलं तुला काहीच आठवत नाही, हे फक्त मला ठाऊक आहे. त्यानंतरही तीन वर्षं मी तुला रिंगमध्ये पाठवत राहिलो.

वहिनी, इथून पुढचं तुमच्यासाठी आहे. गेल्या महिन्यात मी त्याला वाशीला डॉक्टरकडे नेलं तेव्हा तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात. डॉक्टरांनी विचारलं, हा कधी रिंगमध्ये बेभान झाला होता का, भलतंसलतं बोलला होता का? त्याला आठवेना, त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, नाही, कधीच नाही. म्हणून त्यांनी कागदावर दारूचा संशय लिहिला, आणि तोच कागद आता ऑफिसात त्याच्याविरुद्ध वापरतायत. मी घाबरलो, वहिनी. आप्पांनंतर क्लब माझ्याकडे आहे आणि मी तिथे अजून दोन खाऊन चारच शिकवतो. ते कालपासून बंद केलंय. आज सकाळी डॉक्टरांना सगळं खरं सांगून आलो, ते नवा कागद देणार आहेत. सोमवारी साडेदहाला मी तो घेऊन ऑफिसात येईन आणि चौकशीत हेच सगळं तोंडाने सांगेन. डॉक्टर म्हणाले, हे डोक्यावर बसलेल्या ठोशांनी झालंय, हात पहिल्यासारखे होणार नाहीत. पण तो प्यायलेला नाही, आणि त्याने आईची खोटी शपथ घेतलेली नाही. खोटं मी बोललो. त्याला आता यातलं किती कळलं असेल, मला माहीत नाही. तुम्ही हे पत्र बाजूला ठेवा आणि त्याच्याशी बोला.

तुझ्या कोपऱ्यातला, तुझाच
दिन्या