पाकिटं वेळेवर संपत होती

माय,

तुले जाऊन आठ वर्षं झाली, अन् एवढ्या वर्षांत तुले एकच गोष्ट विचारायची होती. तू बीपीच्या गोळ्या घेत होती की नाई? मी नर्स, नोकरी तिकडं सिरोंच्याले. दिवसभर येष्टीत हाडं खिळखिळी करून महिन्यातून एकदा तुझ्यापाशी यायची, तीस गोळ्या तुझ्या हातात ठेवायची अन् आधीचं पाकीट मागून पाहायची. पाकीट रिकामं. दर खेपेले बरोब्बर रिकामं. बीपी मोजलं की आकडा मात्र वर. "काय गं माय, खारं खाते का तू?" असं मी ओरडायची, अन् तू लोणच्याची बरणी फळीवर मागं सरकवायची, जसा काही गुन्हा तिचाच होता.

मग लकवा झाला. चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "गोळ्या बरोबर घेत नव्हत्या काय?" मी त्यायच्या अंगावरच गेली. "मी स्वतः नर्स हाये. पाकिटं माझ्या डोळ्यानं पाहिली मी." तुझं तोंड वाकडं झालेलं, तू काहीतरी सांगाले पाहत होती, अन् मी म्हणते, "माय, तू गप राह्य, बोलू नको." चौथ्या दिवशी तू गेली. नंतर मले तुझाच राग येत गेला. वाटायचं, म्हातारीनं गोळ्या चुलीत टाकल्या अन् पोरीले फसवलं. मेलेल्या मायवर असा संशय घेऊन एकटीनं राहणं किती कठीण असते, तुले काय सांगू. जेवाले बसली तरी मनात तुझ्याशी भांडण चालू. समोर बसाले तर कोणीच नाई.

मागच्या वर्षी बदली मागून आपल्याच गावच्या उपकेंद्रात आली. आता साठीच्या वरच्या सगळ्यायची घरी जाऊन तपासणी असते. बीपी, साखर, डोळे, कोणी पडलं-झडलं तर ते बी. गावात म्हातारेच उरले, पोरं कोणी भद्रावतीले तर कोणी पार पुण्याले. दारात गेली की आधी बसवूनच घेतात. "बस ना बाई, चहा मांडतो." गोळीपेक्षा त्यायले माणूस पाहिजे असते. मले बी. पण एका गोष्टीत मी कोणाचं ऐकत नाई. पाकिटावर भरवसा ठेवायचा नाई, पहिली गोळी माझ्यासमोर गिळायची. लोक मले कडू नर्सबाई म्हणतात. म्हणोत बापडे.

या गुरुवारी खालाकडं गेली. तुझी शेजारीण, जल्मभर गावोगाव बांगड्या भरत फिरलेली. तू गेली त्याच आठवड्यात तिची लेक तिले कोरपन्याले घेऊन गेली होती. महिन्याभराआधी परत आली, "मरूंगी तो अपने घर में" म्हणून. गुडघे गेले, कान गेले, बीपी तर विचारूच नको. डॉक्टरची चिठ्ठी होती. मी गोळी तिच्या तळहातावर ठेवली, म्हटलं, "खाला, माझ्यासमोर घ्या." तिनं उशाखालून अडकित्ता काढला अन् कट्‌कन गोळीचे दोन तुकडे केले. अर्धी तोंडात टाकली, अर्धी कागदात गुंडाळून ठेवली.

"हे काय करून राह्यल्या? पूर्ण घ्या ना."

"पूरी काऊन? मैं तो अर्धीच खाती. तेरी माय रोज सकाळी कुंपणावरून देत होती ना. अर्धी तिची, अर्धी माझी. दोघीले पुरत होतं."

मी तिचा अडकित्ता हातात घेऊन पाहिला. तुझ्या अडकित्त्याच्या पात्याले पांढरं लागलेलं असायचं, मी चुना समजत होती! अन् मग तो दिवस आठवला. तू चुलीपाशी, पाठमोरी, भात वेळून राह्यली. म्हणते, "खालाले बी चक्कर येते. तपासलं होतं तिले एकदा, बीपीच सांगितली. पण तिच्याच्यानं दवाखान्यात जाणं होत नाई. तिच्यासाठी बी एक पाकीट आणशील का?" अन् मी काय म्हणाली? "असं कोणालेही गोळ्या वाटत नसतात. मी काय दुकान मांडलं हाये?" नियम बरोबरच होता, माय. पण बीपीचं मशीन माझ्या पिशवीत होतं अन् खालाचं दार दहा पावलांवर. उठून गेली असती तर तिचे बी दवाखान्याचे कागद होऊन गोळ्या सुरू झाल्या असत्या. मी थकली होती. वेलीवर एक काकडी निघाली तरी अर्धी कुंपणापलीकडं देणारी बाई तू, गोळी बी तशीच वाटून घेतली. हा वानवळा नाई, अर्ध्या गोळीनं दोघीयचंही भागत नाई, हे तुले मी सांगाले पाहिजे होतं. मी पाकिटंच पाहत बसली.

खालाले दटावून दुसरी अर्धी बी घ्याले लावली. पाणी पिऊन तिनं कानामागं हात धरला अन् विचारलं, "तेरी माय को हुआ क्या था गं? मले कोणी नीट सांगितलंच नाई." तिले ऐकू येत नाई, म्हणून मले ते मोठ्यानं, दोनदा सांगावं लागलं. "काही नाई खाला, वय झालं होतं." दवाखान्याच्या मीटिंगमध्ये कोणी एखाद्या गेलेल्या म्हातारीबद्दल "वय झालं होतं" असं म्हटलं, तर सगळ्यात आधी मी भांडते.

हे पत्र कुठी पाठवायचं नाई, माझ्या वहीतच राहील. खालाले वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलली, असं मी दोन दिवसांपासून स्वतःले समजावून राह्यली. खरं तर मले भीती वाटली, माय, की ती पुढं विचारेल, "अन् तू काऊन नाई आणल्या माझ्या गोळ्या?"