मागच्या सीटखालची श्रुती

३ मे, शुक्रवार
हरिता एकोणीस तारखेला सिंगापूरला चालली. पहिली नोकरी, पहिलं विमान. मुलीला त्रिचीच्या एअरपोर्टवर मीच सोडणार, आपल्या गाडीतून. ठरलं. जयलक्ष्मी म्हणाली, अहो, टॅक्सी सांगू या. सव्वीस वर्षांचा संसार असून असं बोलते! घरातल्या दोघी तमिळ शाळेत शिकलेल्या, देवनागरी मला एकट्यालाच वाचता येते, म्हणून स्पष्ट लिहितो: दुखावलो.

५ मे, रविवार. सकाळी ७
गाडी चौथ्यांदा स्टार्टर मारल्यावर सुरू. कारण सोपं. कालपासून अग्निनक्षत्र लागलंय, इकडच्या सर्वांत कडक उन्हाचे दिवस. या उन्हाळ्यात माणूससुद्धा एका हाकेत उठत नाही, गाडी तर तेवीस वर्षांची.
मागच्या सीटखालून बारीक कुईंऽऽ असा आवाज. तंजावुरात पस्तीस वर्षं कॉलेजला फिजिक्स शिकवलं, ध्वनी हा माझा खास विषय. आवाज एकसारखा, वरच्या षड्जात. हा बिघाड नव्हे, तंबोऱ्यासारखी श्रुती आहे.

८ मे, बुधवार
सुब्रमण्यमकडे नुसती हवा भरायला गेलो. नांजिकोट्टै रोडचा मेकॅनिक, सतरा वर्षांची ओळख. न विचारता त्याने सीटला कान लावला. म्हणाला, सार, किल्ली ऑन करा, स्टार्ट करू नका. दोन सेकंद हलकं घूंऽ ऐकू यायला हवं, मग गप्प. तुमचा फ्युएल पंप रडतोय.
मग मीटर बघितला. सुई नेहमीसारखी लालवर. मी समजावलं: जास्त पेट्रोल म्हणजे जास्त वजन, शिवाय उन्हात वाफ. त्याचं म्हणणं, पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. टाकी रिकामी ठेवली की तो तापतो, तळाचा गाळ ओढतो. पाव टाकीच्या खाली कधी जाऊ देऊ नका. फिल्टर आज बदलतो, प्रेशर बघतो, पंप कमजोर निघाला तर त्रिचीच्या आधी नवा टाकू.
म्हणजे धंदा! सतरा वर्षं ज्याच्या घरी पोंगलला ऊस पाठवला, त्याने मला गिऱ्हाईक समजावं? हवा भरून निघून आलो. संकल्प: यापुढे ऊस बंद.

१२ मे, रविवार
रेल्वेच्या पुलावर चढताना गाडीने चार आचके दिले. ताकदच गेली. मागे टाउन बस कोकलत होती. उतारावर पुन्हा छान. निदान: बंकवाला, म्हणजे पेट्रोलपंपवाला, पेट्रोलमध्ये भेसळ करतोय. बंक बदलला. नव्या ठिकाणी दोनच लिटर घातलं. अनोळखी बंकवर एकदम विश्वास टाकू नये.
हरिताने विचारलं, अप्पा, सुब्रमण्यम अंकल काय म्हणाले? सांगितलं, गाडी उत्तम आहे. हे खोटं नव्हे, सारांश आहे.

१६ मे, गुरुवार
संकल्प. उद्या फिल्टर. परवा टाकी फुल. सुब्रमण्यमच्या सांगण्यावरून नव्हे, माझं स्वतःचं मत म्हणून.

१८ मे, शनिवार
फिल्टर राहिला. त्या माणसाचं तोंड बघवत नाही. टाकीही राहिली. बंकवर रांग, डोक्यावर ऊन. उद्या वाटेत भरू. गाडी मात्र दोनदा धुतली, चंदन-कुंकू लावलं.
मायलेकी आत काहीतरी कुजबुजत होत्या, मला बघून गप्प झाल्या. ताटातुटीचं दुःख, दुसरं काय.

१९ मे, रविवार. संध्याकाळी ५
साडेनऊला निघालो. दोनचं विमान, वेळ भरपूर. हरिता माझ्याशेजारी, जया मागे. वल्लमला पहिला आचका. मी म्हटलं, वारा. बंक दिसला, पण रस्त्याच्या पलीकडे. यू-टर्न कोण घेणार?
सेंगिपट्टीच्या फ्लायओव्हरवर, ऐन चढावर, गाडी मेली. किल्ली फिरवली. घूं नाही, कुईं नाही. काहीच नाही. श्रुतीच बंद.
दोघींना उतरवलं, मागची सीट उचलली, डोकं आत घातलं. बाहेर जया छत्री धरून उभी. मी म्हणत होतो, दोन मिनिटं. ती दोन मिनिटं वीस मिनिटं चालली.
तेवढ्यात एक पांढरी टॅक्सी मागे येऊन उभी राहिली. मला वाटलं, कुणी भला माणूस. पण ड्रायव्हरला हरिताचं नाव ठाऊक! टॅक्सी घरापासून आमच्या मागे होती, हरिताचा फोन येईपर्यंत पुलाखाली थांबलेली. हरितानेच गुरुवारी सांगून ठेवली होती.
बॅगा निघाल्याचा आवाज आला. पायाला कुणाचा तरी हात लागला. अप्पा, निघते. मी आतूनच ओरडलो, थांब गं, आता आवाज आला! आला नव्हता. डोकं बाहेर काढलं तेव्हा टॅक्सी पूल उतरत होती. जयासुद्धा तिच्यातच.
बायको, मुलगी, गाडी. एकाच पुलावर तिघींनी दगा दिला.

२० मे, सोमवार
सुब्रमण्यमने गाडी ओढून आणली. पंप काढून फडक्यावर ठेवला. तळाची जाळी चिखलाने भरलेली, मोटर काळी. एक शब्द बोलला नाही. याहून मोठा अपमान कोणता? मी विचारलं, मुळातच दोष असेल का? म्हणाला, सार, तेवीस वर्षं टिकला. तुमच्याकडे टिकला.
दुपारी जयाला जाब विचारला. ती भाजी चिरत होती. म्हणाली, टॅक्सी मी म्हटलं तेव्हाच मिळाली असती. हरिताच नको म्हणाली. तिला अप्पांच्याच गाडीतून जायचं होतं. टॅक्सीवाल्याला तिने सांगितलं होतं, अप्पांना दिसू नका, पुढे जाऊ नका. पोचलो तर तसेच परत फिरा.
भाजी कसली होती ते आठवत नाही.

२२ मे, बुधवार
हरिताचा व्हिडिओ कॉल. विश्वासघातावर बोलायचे मुद्दे कागदावर काढून ठेवले होते. सात मुद्दे. तिने खोली दाखवली, खिडकी दाखवली. विचारलं, अप्पा, जेवलात?
मग म्हणाली, पूल संपेपर्यंत मागे वळून बघत होते मी. गाडीच्या दारातून तुमचे फक्त दोन पाय दिसत होते.
नेटवर्क स्वच्छ होतं. कागद हातात होता. मी म्हटलं, जेवलो.