पोटाकडे कोण बघतं

ता. ९, सोमवार

आणि वर तो रंगवाला मलाच विचारतो, घरात कुणी पुरुषमाणूस नाही का. अर्धा तास मला उभं ठेवलं, पुढ्यात निळ्यांचा तक्ता टाकला, चाळीस निळे, आणि म्हणे निवडा. मी म्हटलं, मला पडदे शिवायचे नाहीत, होडी रंगवायची आहे, आणि निळा तर फुकट दिलास तरी नको. तेव्हा कुठे आत जाऊन बाकीचे डबे काढले. त्यातलाही एक भिंतीचा निघाला. भिंतीचा रंग होडीला लावला तर आठ दिवसांत सालं निघतील, हे मी त्याला सांगायचं आणि दुकान त्याने चालवायचं.

धाकट्या, आशीर्वाद लिहायचे राहिले. आहेत असं समज. तुझी तब्येत बरी असेल, माझी गुडघे सोडून बरी. आधीच्या तीन पत्रांचं उत्तर तू दिलं नाहीस. त्यांत शिव्या होत्या, म्हणून मीही फार वाट बघितली नाही. ह्यात नाहीत. निदान ठरवून तरी नाहीत.

बातमी अशी की होडी पुन्हा पाण्यात जाते आहे. एकवीस तारखेला, शनिवारी, पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला. वर्षभर ती आवारात पालथी पडून होती आणि मी तिच्याकडे पाठ करून कपडे वाळत घालत होते. विकायला काढली तर माणसं यायची, ठोकून बघायची, कुणाची होडी ते कळलं की घड्याळात बघून निघून जायची. मग तुझी भाचीच म्हणाली, मी नेते. बावीसची झाली ती. जाळं ओढते, इंजिन उघडून बसते, माझ्यावर ओरडते. सगळं बापाचं घेतलंय, ओरडणं तेवढं माझं. मी नको म्हटलं. ती म्हणाली, मग मला दुसरं काय येतं ते सांग. दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला बोलावलं. बरोबर तिची एक मैत्रीण जाणार आहे. तिलाही दुसरं काही येत नाही.

मिस्त्रीने कुजक्या फळ्या बदलल्या, सांधे भरले. खरवडणं आणि रंग माझ्याकडे. दोन महिने खरवडते आहे, उजव्या हाताची बोटं सकाळी उघडत नाहीत. मिस्त्री येता जाता टोमणे मारतो. म्हणतो, ताई, होडीला धीर लागतो, तो डब्यात मिळत नाही. मी म्हटलं, तुझ्या तोंडाला लावायचं झाकण मिळालं तर तेवढं आण.

वरच्या कडांना, पाण्याच्या बाहेर राहतात त्या भागाला, पिवळा घेतला. भडक. पोरीला पांढरा हवा होता. म्हणाली, आई, हा लांबून डोळ्यांत खुपेल. मी म्हटलं, खुपू दे. तिने माझ्याकडे बघितलं आणि ब्रश माझ्या हातात दिला. अलीकडे आम्ही दोघी अशाच बोलतो, अर्धं अर्धं.

प्रायमर वाळला. त्यावरून पॉलिशपेपर फिरवला. आज पिवळ्याचा पहिला हात मारला. वाळायला पूर्ण दिवस द्यायचा, म्हणून बसून लिहिते आहे. मला बसवत नाही हे तुला माहीत आहे. बाकीचं उद्या.

ता. ११, बुधवार

काल लिहिलं नाही. आज सकाळी दुसरा हात मारला. एका जागी ओघळ आला, तो आहे तसा राहू दिला. पूर्वी मी असला ओघळ बघून तुम्हा दोघांना चार दिवस ऐकवलं असतं.

पोट अजून रंगवलेलं नाही. पाण्याखालचा रंग शेवटी मारायचा हे तुला सांगायला नको. शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून त्यात औषध असतं, आणि रंग नुसता हवेत पडून राहिला तर ते औषध मरतं. गुरुवारी, एकोणीस तारखेला मारायचा, शनिवारी होडी पाण्यात. लाल आणला आहे. दोन डबे. औषध तळाशी बसतं म्हणून रोज काठीने ढवळून ठेवते. मी, रोज, अर्धा तास. तुला हसू येईल. येऊ दे हसू, मला चालेल.

तू लालच म्हणाला होतास.

मी हे इतके दिवस लिहिलं नाही, कुणाला बोलले नाही, आणि आता लिहिते आहे तर अक्षर वाकडं येतंय. चौथीच्या पुढे शाळा बघितली नाही, चुका तूच दुरुस्त करून वाच. त्या वर्षी लाल संपला होता. दुकानदार म्हणाला, आठ दिवसांनी येईल. तू म्हणालास, थांबू या. मी म्हटलं, आठ दिवस तुम्ही घरात बसून काय करणार, माझं डोकं खाणार. आदल्या वर्षी स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला काळा पडला होता घरात, दोन डबे. तू म्हणालास, "पोट लालच हवं ताई, होडी उलटली तर तेवढंच वर राहतं." मी म्हटलं, उलटायची भाषा करायची असेल तर घरी बस. आणि म्हटलं, पोटाकडे कोण बघतं, मासे? ह्यावर हे हसले. ते माझ्या बोलण्यावर हसायचे, म्हणून मी जास्त बोलायचे. त्याच दुपारी मी काळा लावला, माझ्या हाताने. पहिला हात नीट वाळूही दिला नाही. आणि कडा राखाडी, मळ दिसत नाही म्हणून.

मग होडी बुडाल्याच्या चौकशीचं, ते साहेबाच्या खोलीतलं. लांब टेबल, पंखा, तू एका बाजूला, मी भिंतीजवळ. साहेबाने विचारलं, दोन दिवस तुम्ही दोघे उलट्या होडीला धरून होतात, शोधणारी लाँच दोनदा जवळून गेली, तुम्हाला ती दिसली, मग तुम्ही त्यांना कसे दिसला नाहीत? तू म्हणालास, ऊन त्यांच्या डोळ्यांवर होतं. त्याने लिहून घेतलं. धाकट्या, लाँच एकदा सकाळी गेली आणि एकदा संध्याकाळी, तीही दोन्ही वेळा एकाच दिशेने. ऊन दोन्ही वेळा त्यांच्याच डोळ्यांवर कसं असेल? साहेबाला हे सुचलं नाही. मला तिथल्या तिथे कळलं. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि परत टेबलाकडे बघायला लागलास.

आणि बाहेर पायऱ्यांवर, सगळी माणसं उभी असताना मी तुला म्हटलं, "माझा माणूस पाण्यात सोडून तू एकटा कसा आलास?" कळलं होतं, तरी म्हटलं. कळलं होतं म्हणूनच म्हटलं. तू संध्याकाळच्या गाडीने गेलास, कपडेसुद्धा सगळे नेले नाहीस. तुझा स्वेटर मी खरवडताना घालते.

तेव्हापासून पोरगी मामा हा शब्द उच्चारत नाही. तिला वाटतं तू तिच्या बापाचा हात सोडलास. मी तिला तसंच वाटू दिलं. चौदा महिने रोज दोन्ही वेळा तिच्यासमोर जेवायला बसते आणि वाटू देते.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते लिहिते, नाहीतर हेही पत्र तसंच जाईल.

मागच्या आठवड्यात मी पोटाच्या मधोमध, कण्याजवळचा भाग खरवडायला घेतला. डाव्या बाजूला काळा आधीच निघालेला दिसला, खालचा जुना लाल वर आला होता. तुम्ही दोघे दर वर्षी लावायचात तो लाल. आधी वाटलं, तुम्ही धरून होतात तिथे घासला असेल. मग चष्मा लावून बघितलं. दोन महिने मी हेच काम करते आहे, घासलेलं कुठलं आणि पात्याने काढलेलं कुठलं, मला हात लावून कळतं. घासलेल्याची कड विरत जाते. ह्याला कड होती. सरळ फटकारे, एकाला लागून एक, ओळीने. दोन वीत रुंद, दीड वीत उंच. पहिले खोल आहेत, लाकडात शिरलेले. पुढे पुढे उथळ होत गेलेत. शेवटचे चार नुसते ओरखडे, त्यांनी काळासुद्धा निघालेला नाही.

चाकू ह्यांच्या कमरेला असायचा. तुझ्याकडे कधी नव्हता.

म्हणजे लाँच पहिल्यांदा निघून गेल्यावर ह्यांना कळलं. आणि ते गार पाण्यात एका हाताने कणा धरून दुसऱ्या हाताने माझा काळा खरवडत बसले, लाँच परत आली तर तिला लाल दिसावा म्हणून. दोन वीत. धरून राहायला जी ताकद लागत होती ती ह्यात घालवली. तू तिथेच होतास. तू बघत होतास.

मिस्त्री ती फळी बदलू म्हणाला. मी बदलू दिली नाही, आणि का ते सांगितलं नाही. तिथे ना पॉलिशपेपर लावला ना काही. पोरगी दोनदा विचारून गेली, आई, हा तुकडा राहिला का. मी म्हटलं, राहू दे, गुरुवारी बघू.

तू ये असं मी म्हणत नाही. ये म्हणायला मी तोंड ठेवलेलं नाही. पिवळ्या कडा आणि लाल पोट करून पोरगी सुखरूप राहील असंही मी स्वतःला समजावत नाही, रंगाने जेवढं होतं तेवढं होईल. जेवण जात नाही, झोप लागत नाही, ते सगळ्यांचंच होतं, त्याचं काही नाही. मला एवढंच सांग. खरवडताना ते काय बोलले? माझं नाव घेतलं का? शिव्या दिल्या असतील तर शब्दाला शब्द लिही, मी त्या पोरीला वाचून दाखवीन, सगळं आधीपासून सांगून. नेहमीसारखे हसले असतील तर ते मात्र कसं लिहायचं ते तू ठरव. काहीच बोलले नसतील तर तसं लिही. उन्हासारखं मला वाचवणारं काही रचून लिहू नकोस. तुझं खोटं मी एकदा घेतलं, पुन्हा घ्यायची माझी ताकद नाही.

गुरुवारी सकाळी मी डबा उघडणार. त्या दोन वीत जागेवर ब्रश फिरवायचा की नाही, हे मला त्याआधी कळलं पाहिजे, आणि एकदा बाकीचं पोट रंगवलं की थांबता येत नाही. तुझं पत्र बुधवारी, अठरा तारखेला माझ्या हातात पाहिजे. त्यानंतर आलेलं मी उघडणार नाही.

काळा लावला ती,
तुझी ताई