पालखीचा खांदा आणि जायफळाचं दूध

भाईंदर, माघ महिना, १९६८

तीर्थरूप गोविंदकाका,
भाईंदरहून लवूचं डोकं तुमच्या पायांवर. काकींचा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळे खुशाल. शालू थोडी रोडावली, मी नाही.

गेल्या शिमग्याला पालखी नाचवताना मला धाप लागली आणि देव माझ्या बाजूला कलले. तेव्हा तुम्ही चारचौघांत बजावलंत की, वजन उतरवलंस तरच आजोबांपासून चालत आलेला पुढचा खांदा तुझा, नाहीतर आमच्या धाकूचा. (धाकूवर माझा राग नाही. त्याने काही मागितलेलं नाही.) इथल्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं की, मिठागरावर रात्रपाळीची राखण करून दिवसा मी डुलक्यांवर भागवतो, म्हणून भूक खवळते, रात्री सलग झोपलो तर वजन आपोआप उतरेल. म्हणजे मी आजवर झोपण्यातच कमी पडलो होतो.

मी दिवसपाळी मागून घेतली. पण सवय मोडलेली, डोळा लागेना. मग चाळीतल्या बायकांनी मला हातात घेतलं. गोदूबाईंनी जायफळ उगाळून आटीव दूध सुरू केलं. नुसत्या दुधाने काय होणार, म्हणून सुगंधावहिनींनी बासुंदी पाठवली (जायफळ तिच्यातही होतंच). शालू रोज तळपायांना तूप चोळून काशाच्या वाटीने घासत बसायची. काका, झोप लागली. इतकी लागली की माझ्या घोरण्याने शेजारच्यांची उडाली.

काल मिठाच्या गोणी तोलायच्या काट्यावर बसलो. काट्यावरचा पास्कल डोंगरीचा, भला माणूस. त्याने एक वजन टाकलं, आणखी एक टाकलं, आणि म्हणाला, "लवू, काटा बराबर हाय. तूच बराबर न्हाय."

खरं सांगतो काका, वाईट वाटलं. बाबांच्या खांद्याला पालखीने पडलेला घट्टा मी लहानपणी बोट लावून बघायचो. तो खांदा माझ्या हयातीत दुसऱ्याकडे गेलेला मला बघवणार नाही. तरी तुम्ही ठरवाल ते मान्य.

तुमचा आज्ञाधारक,
लवू

ता. क. धाकू हल्ली रात्रीचा जागतो आणि अगदी काटकुळा झालाय, असं ऐकलं. जिवाला लागलं. गावी येणाऱ्या नाथाबरोबर आमची काशाची वाटी, तुपाचा डबा आणि जायफळं पाठवतोय. शिमग्यापर्यंत एकही रात्र चुकवू नका.

आणखी ता. क. उपाय माझा आहे हे त्याला सांगू नका. आणि दूध म्हशीचंच घ्या.