एकोणिसावा गडी

सोमवार, ४ नोव्हेंबर

पॅगेटनं परत माझे चार टॉवेल पळवले! धुतलेले, घड्या घातलेले. क्लबसाठी पोरं निवडणारा साहेब आहे म्हणून काय झालं? वर जाऊन बघते तर भिंतीवरच्या त्याच्या फळ्यावर टांगून ठेवलेत. का, तर म्हणे दुसऱ्या क्लबांचे हेर असतात. खिडकीतून फळा वाचतील.

खिडकीबाहेर समुद्र आहे. वाचणार कोण, मासे?

ड्राफ्ट सत्तावीस तारखेला. अठरा क्लब रांगेत उभे राहणार आणि देशभरातली आमचा हातापायांनी खेळायचा, अठरा-अठरा गड्यांचा फुटबॉल खेळणारी अठरा वर्षांची पोरं एकेक करून उचलणार. जो सगळ्यात जास्त हरला तो पहिला उचलतो. आम्हा पेलिकनवाल्यांना यंदा धड हरताही आलं नाही — नववा नंबर.

टॉवेल ओढून काढले. खाली नवव्या जागेवर तीन पोरांच्या नावांची तीन लोहचुंबकं. बेंडिगोचा एक — ‘पळतो, पण थांबत नाही.’ डार्विनचा एक — ‘लाथ सुंदर, डोकं गरम.’ तिसरा — ‘उंच, पण चेंडूला घाबरतो.’ आणि पार वरच्या कोपऱ्यात: ‘रीस टकवेल. उंची २०३. मिळणार नाही.’

माझा रीस! माझ्या पोराच्या नावाचं चुंबक, आणि पुढे ‘मिळणार नाही’!

“पर्थवाले दुसऱ्या नंबरवर उचलतायत त्याला,” पॅगेट म्हणाला. “आपल्यापर्यंत येतोय कसला. रडू नकोस, ग्लेनिस.”

“रडत नाहीये. टॉवेल दे.”

मंगळवार, ५ नोव्हेंबर

घोड्यांच्या शर्यतीची सुट्टी. सगळं गाव टोप्या घालून टीव्हीसमोर. मी चॉप्स भाजले.

पर्थ विमानानं चार तास. रीसला अंडं उकडता येत नाही. परवा भांडं कोरडंच ठेवलं गॅसवर. आणि म्हणतो, “आई, तिकडेही कपडे धुवायची मशीन असते.”

मशीन! तेवीस वर्षं मी या क्लबच्या निळ्या जर्सी धुतेय. हा रांगत होता तेव्हा मळक्या मोज्यांच्या टोपलीत झोपायचा. आता दुसऱ्याच्या जर्सीत जाणार आणि ती कुणीतरी परकी बाई धुणार. उलटी न करता!

मग हळूच म्हणाला, “मला इथेच राहायचंय गं. पण आपल्या हातात आहे का? बाप क्लबकडून शंभर सामने खेळलेला असता तर रांग मोडून घेतलं असतं मला. बाप-लेक नियम.”

एवढं बोलून ताट उचलून गेला. सात वर्षांचा असताना एकदा विचारलं होतं, बाप कोण. मी म्हटलं, चांगला माणूस होता, जमलं नाही. त्यानंतर कधी विचारलं नाही. आजही नाही विचारलं. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

डग्गन खाली लाँड्रीत आला! क्लबचा अध्यक्ष! तेवीस वर्षांत पहिल्यांदा. साबणाच्या पाण्यावरून घसरला आणि माझ्या टोपलीत बसला.

“ग्लेनिस, एक खासगी गोष्ट विचारू?”

“नको.”

“रीसचा बाप—”

“नको म्हटलं ना!”

“नाव नको सांगूस! शंभर सामने झालेत का त्याचे आपल्या मैदानावर, एवढंच सांग!”

माझं डोकं फिरलं. तीन मशीन एकदम चालू, हा टोपलीत. म्हटलं, “झालेत की! शंभराच्या वर झालेत! आता ऊठ, त्या धुतलेल्या चड्ड्या आहेत.”

बाई, उठून माझा साबणाचा हात धरला आणि त्याचा मुका घेतला. नाचत गेला.

काय बोलून बसले मी.

सोमवार, ११ नोव्हेंबर

स्नोवी मॅकब्राइड आला होता. जुना बचावपटू, एकशे त्रेचाळीस सामने, दोन्ही गुडघे गेलेले. वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा घेऊन आला. बराच वेळ दारात उभा.

“ग्लेन,” म्हणाला, “तो मी आहे का?”

“काय?”

“रीसचा बाप. मला ते साल नीट आठवत नाही. डोक्याला मार बसला होता.”

“नाहीस तू.”

“नक्की?”

“स्नोवी, मी तिथे होते!”

हिरमुसला. मग म्हणाला चहा तरी दे, आणि खिडकीतला हिरवा मग उचलला. म्हटलं, तो ठेव. तो दुसऱ्याचा आहे. त्यानं मगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मासा परत घेऊन गेला.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

बेकरीत पाव घ्यायला गेले. सात जुन्या खेळाडूंच्या सात बायका. सातही गप्प. पाव न घेता आले.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

टॉवेल आणायला वर गेले. फळा उलटा फिरवलेला. मागच्या बाजूला नवी चुंबकं — बापांची! ‘मॅकब्राइड, १४३ सामने, उजवा पाय, त्या वर्षी लग्न मोडलेलं.’ असे अकरा जण! उंची, कानांची ठेवण, त्या वर्षी गावात होता की नाही. पॅगेट हातात पट्टी घेऊन डग्गनला समजावत होता, “रीस डाव्या पायानं मारतो, म्हणजे हे चार बाद. आपल्याकडे सात पर्याय उरतात.”

सात पर्याय!

“त्यातला कुणीच नाही,” मी म्हटलं. “तो खेळतच नव्हता. पंच होता! लेस्टर प्रिम!”

पॅगेटच्या हातून पट्टी पडली. डग्गन खुर्चीत बसला.

“ती पांढरी अळी?”

“हो.”

“अगं, दारू प्यायली होतीस का तू?”

“नाही. चहा.”

शनिवार, १६ नोव्हेंबर

लिहूनच टाकते एकदा.

तेव्हा पंच पांढरे कपडे घालायचे, म्हणून पांढरी अळी. सगळं मैदान ओरडायचं. मीही ओरडायचे — खिडकीतून, जोरात, आंधळ्या! एका पावसाळी शनिवारी तो मागच्या दाराशी आला. शर्टावर चिखल, आणि कुणीतरी थुंकलेलं. म्हणाला, एखादं जुनं फडकं मिळेल का? या क्लबात पंचाला पाणीसुद्धा कुणी देत नाही. मी चहा दिला. हिरव्या मगात. मग प्रत्येक सामन्यानंतर वीस मिनिटं. मग वीस मिनिटांत भागेना.

मला दिवस गेले तेव्हा उपांत्य सामना होता. दुसरा महिना. त्याला माहीत होतं. शेवटच्या मिनिटाला त्यानं आमच्याविरुद्ध फ्री किक दिली. हरलो. गावानं त्याच्या घराच्या सगळ्या काचा फोडल्या. मी विचारलं, का दिलीस? म्हणाला, “तुमच्या गड्यानं पाठीत ढकललं होतं, ग्लेनिस.” एवढंच. वर्षभर बोलले नाही मी त्याच्याशी.

आणि सांगणार तरी कुणाला? क्लबात आपलं माणूस असलेल्या पंचाची शिटी काढून घेतली असती. आणि पंचाचं पोर म्हटल्यावर शाळेत रीसला उभा फाडला असता. तोंड शिवून घेतलं दोघांनी. तो रीसचा प्रत्येक सामना बघायला यायचा. पलीकडच्या कुंपणापाशी, झाडाखाली, एकटा.

रविवार, १७ नोव्हेंबर

रीसला सांगितलं. टोस्ट तोंडातच राहिला.

“लेस्टर प्रिम? आई! मी त्याला आंधळा म्हटलंय! बारा वर्षांचा होतो. तोंडावर!”

“माहितीय. तोच म्हणाला मला. म्हणे, आवाज चांगला आहे पोराचा.”

टोस्ट खाली ठेवला. मग, “कुंपणापाशी उभा असायचा तो. मला वाटायचं, हेर आहे.”

उठला, टेकडीवर त्याच्या घरी गेला. जेवायच्या वेळेला परत आला. म्हणाला, त्याच्याकडे एक पोपट आहे, तो शिटी वाजवतो. म्हणाला, लेस्टरचे कान माझ्यासारखेच आहेत. मग आत जाऊन दार लावून घेतलं. मी भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

सोमवार, १८ नोव्हेंबर

डग्गन परत खाली! या वेळी खोकं घेऊन.

“शंभराच्या वर म्हणाली होतीस तू!”

“आहेतच. आपल्या मैदानावर एकशे बारा. शिटी घेऊन.”

वाटलं ओरडेल. हसला! खोकं उपडं केलं — पत्रंच पत्रं. पाहुण्या क्लबांनी हरल्यावर लीगला पाठवलेल्या तक्रारी, त्यांच्या नकला. प्रत्येक पत्रात तेच रडगाणं: ‘पेलिकनांकडून एकोणीस गडी खेळले. एकोणिसावा शिटी वाजवत होता.’ आणि प्रत्येक पत्राखाली लीगचं उत्तर: ‘नोंद घेतली.’

“एकशे चार पत्रं, ग्लेनिस! एकशे चार सामने आपल्याकडून खेळलाय तो! लीगच्या दप्तरात आहे! नोंद घेतलेली आहे!”

पॅगेट जिन्यात बसून डोळे पुसत होता. माझ्या टॉवेलनं.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

मेलबर्नला गेलो, लीगच्या कचेरीत. टाय लावलेली तीन माणसं. मला वाटलं, हाकलून देतील. पण डग्गननं पत्रं मांडली आणि विचारलं, “तुम्ही नोंद घेतलीत की नाही? की उगाच लिहीत होता सव्वीस वर्षं?” तिघं एकमेकांकडे बघायला लागले. उगाच लिहीत होतो असं कोण म्हणेल? नियमाचं पुस्तक काढलं. ‘क्लबच्या बाजूनं शंभर सामने’ — एवढंच लिहिलंय. हातात चेंडू हवा असं कुठेच नाही.

बाहेर बसवलं. चहासुद्धा विचारला नाही. परत बोलावलं. मधला म्हणाला, ठीक आहे. प्रिमसाहेबांनी स्वतः लिहून द्यावं की शंभर सामन्यांत ते पेलिकनांच्या बाजूनं होते. मंगळवारपर्यंत. मग रीस तुमचा.

म्हणताना हसला. तिघंही हसले. लेस्टरला ओळखतात ना ते. एका सामन्यात त्याच्या सख्ख्या भावाला मैदानाबाहेर काढलं होतं त्यानं, आणि आई प्रेक्षकांत बसलेली.

आता लेस्टरकडे मलाच जायला हवं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

गेले. टेकडीवरच्या घराच्या पुढच्या दारानं पहिल्यांदाच. पोपटानं मला बघून शिटी मारली.

चार वर्षं झाली निवृत्त होऊन, शर्टाची कॉलर अजून तशीच कडक. कागद पुढे केला. उभ्यानंच वाचला त्यानं. दोनदा.

“हे खोटं आहे, ग्लेनिस.”

“माहितीय.”

“चुका झाल्या असतील माझ्या. खोटं कधी केलं नाही. एकदाही नाही.”

“माहितीय रे.”

“त्या दिवशीसुद्धा. पाठीत ढकललं होतं त्यानं.”

“एकोणीस वर्षं झाली, लेस्टर! सोड आता त्याची पाठ!”

खाली बसला. खिडकीतून मैदान दिसतं तिथून, तिकडे बघत राहिला. नवीन बसवलेल्या काचा. नवीन कसल्या — गावानं फोडल्यावर बसवलेल्या, तेव्हाच्याच.

“सही केली तर गावाला काय वाटेल?”

“गाव तुला खांद्यावर घेईल.”

“तेच म्हणतो मी,” म्हणाला. “आणि बाकीचे सतरा क्लब म्हणतील, आम्ही सांगतच होतो.”

मीच खिडकीतून ओरडणारी. म्हटलं, नको करूस मग. हे मनापासून म्हटलं की नाही, मलाच माहीत नाही.

मग त्यानं विचारलं, “रीसला काय हवंय?”

“इथे राहायचंय.”

चहा केला त्यानं. इतकी वर्षं मीच त्याला दिलाय, त्याच्या हातचा पहिल्यांदाच प्यायले. दूध आधी घालतो! कागद साखरेच्या भांड्याखाली तसाच ठेवून आले.

सोमवार, २५ नोव्हेंबर

पॅगेटनं बेंडिगोचं चुंबक नवव्या जागेवर पक्कं केलं. मी रीसची बॅग भरली. लोकरीचे कपडे घातले. मग आठवलं, पर्थला उकाडा असतो. काढले. मग परत घातले.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

सकाळी लेस्टर लाँड्रीच्या खिडकीशी आला. आत कागद सरकवला. खाली सही, तारीख, आणि वेळसुद्धा, मिनिटासकट. मी हिरवा मग धुतला आणि दार उघडलं.

तीनशे अकरा सामन्यांत या माणसानं एकही खोटा निर्णय दिला नव्हता. आज दिला. आमच्या बाजूनं.